अपुऱ्या वाक्यांची पाकिटे

ताईंची लोखंडी पेटी शेगावहून माझ्या घरी आली तेव्हा तिला कुलूप नव्हते. कडीत सुतळी ओवून गाठ मारलेली होती. ताईंची गाठ मी अनेकदा पाहिली होती. त्या सुतळीचे टोक नेहमी आत दुमडून ठेवत. या गाठीची टोके बाहेर लोंबत होती. पेटी माझ्याकडे येण्यापूर्वी कुणीतरी ती उघडून पाहिली होती, एवढे माझ्या लक्षात आले आणि मी ते मनातच ठेवले.

ताई म्हणजे आमच्या जिल्ह्यात चिकित्सा मानसशास्त्राचे काम करणाऱ्या पहिल्या पिढीतल्या बाई. 'मनाची डॉक्टरीण' असे लोक त्यांना म्हणत. ज्यांना बोचकारायचे असे ते 'याडाची डॉक्टरीण' म्हणत. एका बौद्ध शेतमजूर कुटुंबातली मुलगी दूरच्या शहरात हे शास्त्र शिकून परत आली, आणि मोठ्या दवाखान्यात न जाता शेगावात एक खोली भाड्याने घेऊन बसली. मलकापूरच्या आमच्या शाळेत त्या मुलांच्या चाचण्या घेण्यासाठी येत असत. तिथे आमची ओळख झाली आणि ती त्यांच्या अखेरपर्यंत टिकली. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांच्या पुण्याच्या पुतण्याला हे कागद एका विद्यापीठाला द्यायचे होते. तो फोनवर म्हणाला, "मावशी, तुम्ही शाळेचं ग्रंथालय लावलंत ना? तसंच हे लावून द्या. खासगी एकीकडे, व्यावसायिक एकीकडे. आत्याचं नाव राहील."

मी होकार दिला. निवृत्त शिक्षिकेला वर्गीकरणाइतके सुखाचे काम दुसरे नाही.

ताईंनी शेगावच का निवडले, हे इथे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यातूनच निघाले. आमच्या भागात बाई एकटी घराबाहेर निघाली की चार जण कारण विचारतात. परंतु 'शेगावला जाते' म्हटले की कुणी काही विचारत नाही. दर्शनाला जाणाऱ्या माणसाला अडवण्याची पद्धत नाही. ताई स्वतः कधी देवळात गेल्या नाहीत. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. पण त्यांनी खोली घेतली ती देवळाच्या वाटेवर, पेढ्यांच्या दुकानाच्या माडीवर. बाया घरी दर्शनाचे सांगून निघत, जिना चढत, तासभर बोलत किंवा रडत, आणि उतरताना खालून पेढे घेऊन घरी जात. पेढे हाच पुरावा. दुकानदार ताईंना म्हणे, "ताई, तुमच्या पेशंटांच्या जिवावर माझी कढई चालते. वर्तं दर्शन, खालतं प्रसाद!" ताई हसून उत्तर देत, "मग भाडं वाढवत जाऊ नका."

पेटीतला वरचा थर निर्धोक होता: शिक्षणाच्या काळातल्या वह्या, प्रवासाची तिकिटे, आईला लिहिलेली पत्रे, शाईचे डाग असलेले चाचणीचे पुठ्ठे. या पुठ्ठ्यांविषयी गावागावांत 'डाग दाखवून भूत काढते' अशी बोलवा होती. रुग्णाला त्या डागांत काय दिसते ते विचारायचे आणि त्यावरून त्याच्या मनाचा अदमास घ्यायचा, एवढेच ते काम. त्याखाली 'अपुरी वाक्ये' ही त्यांची आवडती चाचणी होती. इंग्रजीतले नमुने आपल्या माणसांना लागू पडत नाहीत म्हणून त्यांनी ती स्वतः मराठीत रचली होती. कागदावर वाक्याचा आरंभ छापलेला असतो. 'माझ्या आईला…', 'घरात मी एकटी असते तेव्हा…', 'मला भीती वाटते की…'. पुढचा भाग रुग्णाने स्वतःच्या हाताने लिहायचा.

आणि सर्वांत तळाशी खाकी पाकिटे होती.

पाकिटांवर नाव नव्हते. प्रत्येक रुग्णाने पहिल्या दिवशी एक धान्य निवडायचे आणि तेच त्याच्या पाकिटावर लिहायचे, अशी ताईंची रीत होती. तीळ. करडई. बरबटी. अंबाडी. दुसरी रीत अधिक कडक होती. उपचार पूर्ण झाले की शेवटच्या भेटीत ताई ते पाकीट रुग्णाच्या हाती देत, त्याने लिहिलेले त्यालाच वाचायला लावत आणि विचारत, "आता हे वाचून काय वाटतं?" मग ते पाकीट त्याच्याबरोबर घरी जाई. ताईंकडे काही उरत नसे. "माणूस बरा झाला की त्याचं दुःख माझ्या पेटीत कशाला?" असे त्या म्हणत.

पाकिटांची चळत मांडीवर घेऊन बसलेली असताना या रीतीचा दुसरा अर्थ मला कळला आणि हात थांबला. बरे झालेल्यांची पाकिटे त्यांच्याबरोबर गेली असतील, तर पेटीत राहिली ती ज्यांची शेवटची भेट कधी झालीच नाही त्यांची. कुणी यायचे थांबले. कुणाला थांबवले गेले. कुणी या जगातूनच गेले. मी खिडकी उघडली. बाहेर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या होत्या आणि नेहमीसारखा दिवस होता.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, दुपारच्या जेवणानंतर एक गृहस्थ फाटकाशी आले. पांढरा सदरा, कपाळाला अंगारा, हातात पेढ्यांचा पुडा. दुसरबीडहून आलो म्हणाले. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्यांच्या घरात दिली होती. ते तिच्या नवऱ्याचे थोरले काका. ती आता नवऱ्यापासून वेगळी होऊन मलकापुरातच आईकडे राहते आणि औषधांच्या दुकानात काम करते. तिची मुलगी तिसरीत आहे. हे सर्व मला माहीत होते. मला माहीत नव्हते ते त्यांनी खुर्चीत नीट टेकून बसल्यावर सांगितले.

"बुलढाण्याच्या कोर्टात दावा लावला हाय मॅडम. आमच्या घरची लेक आमच्या घरात पाहिजे. पोरीच्या आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे आम्ही डोळ्यानं पाह्यलं. पण कोर्टाला कागद लागतो."

"कसला कागद?"

"त्या शेगावच्या बाईकडं जायची ती. दर्शनाचं नाव सांगून." ते हसले. "तुमच्याकडं त्या बाईचं सामान हाय म्हणे."

"असलं तरी ते माझं नाही. मी कुणाला देऊ शकत नाही."

"द्या कुठं म्हणून राह्यलो? निस्तं दाखवा. तिथं सारे ज्वारी-तीळ लिहेल हायत म्हणतात, नाव न्हाई. आम्हाला काय समजणार त्यातलं?" एवढे बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "पण तुम्ही तिला दहावीपर्यंत शिकवलं. तुम्ही अक्षर वळखसाल."

पाकिटांवर धान्यांची नावे आहेत हे मी कुणालाही सांगितले नव्हते. सुतळीची गाठ कुणी सोडली होती, हे मला तेव्हा कळले.

ते उठले. "प्रसाद घ्या मॅडम. आत्ताच दर्शन घेऊन येऊन राह्यलो. लवकर झालं आज."

गुरुवार हा महाराजांचा वार; त्या दिवशी शेगावात दर्शन लवकर होत नाही. रांग कुठपर्यंत जाते हे आमच्याकडचे लहान मूलही सांगेल. ते देवळात गेले नव्हते. पेढ्यांच्या दुकानात मात्र गेले होते. हीच चूक कधीकाळी माझ्या विद्यार्थिनीच्या हातून झाली होती, हे मला नंतर तिच्याच तोंडून कळणार होते. त्यांच्या हातून ती चूक झाली असेल, असे मला वाटत नाही. तिला कशावरून पकडले, ते त्यांनी मला मुद्दाम ऐकवले होते.

मी पुडा उघडला नाही. दाराला आतून कडी लावून पाकिटे घेऊन बसले. तिचे पाकीट शोधून वेगळे ठेवावे, एवढाच हेतू होता. आतला मजकूर वाचायचा नाही, फक्त अक्षर पाहायचे, असा नियम मी स्वतःला घालून दिला. पण आयुष्यभर वह्या तपासलेल्या डोळ्यांना अक्षर आणि मजकूर वेगळे करता येत नाहीत. पाकीट 'जवस' नावाचे होते. तिचा 'ळ' मी पाचवीपासून सुधारत आले होते. तो तसाच डावीकडे कललेला होता. आणि त्या 'ळ'च्या मागोमाग वाक्य आलेच.

छापील भाग: 'मला भीती वाटते की…'

तिच्या हातचा भाग: 'मी बाळाला विहिरीत टाकीन.'

मी कागद उलटा ठेवला.

इथे वाचकाने घाईने काही ठरवू नये म्हणून ताईंनी मला एकदा समजावलेली गोष्ट सांगते. बाळंतपणानंतर काही बायांच्या मनात असे विचार शिरतात. त्यांना ते नको असतात. त्या त्यांना इतक्या घाबरतात की विहिरीकडचा रस्ता सोडतात, विळीला हात लावत नाहीत. "ज्याला करायचं असतं त्याला भीती वाटत नाही," ताई म्हणाल्या होत्या. "जिला भीती वाटते ती बाई राखण करत असते. तिला समजून घेणारं कुणी मिळालं की हे जातं." मी त्या वेळी मान डोलावली होती, कारण ते शास्त्र होते. आता ते शास्त्र माझ्या टेबलावर एका मुलीच्या अक्षरात पडले होते, आणि ते ज्यांच्या हाती लागणार होते त्यांना त्यातला फक्त निम्मा भाग हवा होता.

मी तिला फोन केला. ती दुकान बंद होताच आली. मी काही सांगण्याआधी तिने टेबलावरचे पाकीट पाहिले आणि दारातच उभी राहिली.

"बाई, हे अजून हाये?"

"आहे. बस."

ती बसली नाही. उभ्यानेच बोलू लागली, आणि शाळेत पाठांतर म्हणताना जशी एका दमात म्हणायची तशीच. बाळंतपण माहेरी झाले. तेव्हा मलकापूरहून रेल्वेने शेगाव गाठणे सोपे होते. सासरी परतल्यावर महिन्यातून एकदा एसटीने जाऊ लागली. ताईंनी पुढच्या खेपेला शेवटची भेट ठरवली होती. त्याआधीच्या खेपेला ताईंना कुठेतरी जायचे होते म्हणून भेट लवकर संपली, आणि ती मिळाली त्या गाडीने परत आली. घरात शिरली तेव्हा उजेड होता. दिवस गुरुवारचा.

"सासूनं इचारलं, दर्शन झालं? मी म्हटलं, हो झालं. थे म्हणे, गुरुवारी? इतक्या लवकर? तुयासाठी का महाराज रस्त्यावर येऊन उभे होते? मंग काकानं पिशवी पाह्यली. त्या दिवशी मी पेढे घ्यायले इसरली होती, बाई. त्याच दिवशी."

"आणि मग तुला जाऊ दिलं नाही."

"उंबऱ्याच्या भाईर पाय टाकू देला नाही. ताईंची शेवटची भेट राह्यली थे राह्यलीच." तिने पाकिटाकडे बोट केले. "म्हणून थे इथं हाये."

ज्यांनी तिचे उपचार तोडले, तेच आता तुटलेल्या उपचारांचा कागद मागत होते. तिला ते माझ्याआधी कळलेले होते.

मी पाकीट तिच्या हाती दिले. ताईंचा प्रश्न विचारण्याचा अधिकार मला नव्हता, तरी रीत पुरी व्हावी म्हणून तिने वाचेपर्यंत मी थांबले. ती सावकाश वाचत गेली. त्या वाक्यापाशी पोहोचल्याचे मला तिच्या मानेवरून कळले.

"मी विहिरीवर गेलीच नाही बाई," ती म्हणाली. "वर्सभर. नळाले पाणी नसलं तं हंडा घेऊन पार शाळेच्या हापशीवर जायची. बाया हसायच्या, हिले विहीर चावते काय म्हणून." मग तिने कागद घडीवर घडी घालून पाकिटात ठेवला आणि एकदम वर पाहिले. "तुम्ही वाचलं काय हे?"

खोटे बोलणे सोपे होते. "एक वाक्य," मी म्हणाले. "तेच."

तिच्या चेहऱ्यावर जे आले ते मी विसरणार नाही. तोपर्यंत तिला भीती कागदाची होती. त्या क्षणापासून माझी.

पेढ्यांचा न उघडलेला पुडा कोपऱ्यात पडून होता, त्याला मुंग्या लागल्या. मी तो बाहेर टाकला. दोन दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आले, या वेळी फाटकाच्या आत न येता. मी त्यांना सरळ सांगितले की असे कोणतेही पाकीट आता माझ्याकडे नाही. ज्याचे होते त्याला दिले.

"नसू द्या," ते शांतपणे म्हणाले. "कागद जळते, फाटते. तुम्ही हायत ना. अक्षर वळखून दिलं म्हणजे वाचलं बी असन. वकील म्हणे, ज्यानं वाचलं त्यालेच बोलावू. तुम्ही काही खोटं बोलसाल नाही. आमच्या सूनबाईच सांगायच्या, आमच्या बाई खोट्याला लई चिडत."

समन्स आले ते थोड्या दिवसांनी, दुपारी. मी सही करून घेतले आणि उत्तरपत्रिका तपासायला बसावे तसे कागद-पेन घेऊन बसले. शक्यता मांडल्या. खोटे बोलणे: हे मला जमणार नाही, आणि जमले तरी चेहऱ्यावर दिसेल. गप्प राहणे: तिच्या वकिलांना मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की बाई, तुम्ही गप्प राहिलात तर समोरचे त्या गप्पपणात काहीही भरतील, विहिरीपेक्षा वाईट असे काहीही. खरे सांगणे: मग मी 'मला भीती वाटते की' इथून सुरुवात करीन, पण ऐकणाऱ्याच्या कानात राहील ती विहीर. कोणत्याही रकान्यात बरोबरची खूण करता येईना. शेवटी मला कळले की मी दुसऱ्याचा पेपर सोडवत बसले आहे. ते वाक्य तिचे होते.

मी तिच्या घरी गेले. तिची मुलगी ओट्यावर गृहपाठ करत होती. आम्ही आत बोललो. मी विचारले, "मी काय करावं, ते तू सांग. बोल म्हणालीस तर पूर्ण बोलीन. बोलू नको म्हणालीस तर जी काय शिक्षा होईल ती घेईन."

तेवढ्यात बाहेरून मुलीने ओरडून विचारले, "आई, 'काळजी'तला ळ कसा काढू?" ती उठून बाहेर गेली, मुलीचा हात धरून अक्षर काढून दिले, आणि परत आली.

"तुम्ही काऊन बोलसान?" ती म्हणाली. "शेवटची भेट माई राह्यली होती. मीच वाचीन. साऱ्यांसमोर वाचीन, छापेल हाये तिथून. ताईनं इचारलं असतं ना, आता काय वाटते? थे बी सांगीन."

"ते फिरवतील तुझं बोलणं."

"फिरवतीन. पण पाकीट माह्या हातात राहीन."

तारखेच्या दिवशी आम्ही राजूर घाट चढून बुलढाण्याला गेलो. गाडीत पाकीट पर्समध्ये होते आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांखाली. कोर्टाच्या व्हरांड्यात समोरच्या बाकावर काका बसले होते. शेजारी तिचा नवरा खाली पाहत होता. तिच्याकडे पाहून काकांनी नमस्कार केला आणि मला म्हणाले, "मॅडम, चहा घ्या. येळ लागन."

आधी तिला बोलावले. तिने पर्समधून पाकीट काढले. खाकी रंगावर 'जवस' हा शब्द, डावीकडे थोडा कललेला. ते पाहताच काका बाकावरून अर्धवट उठले. जे पाकीट ते महिनाभर शोधत होते ते त्यांच्यासमोरून चालत गेले. मग ते पुन्हा बसले आणि आपल्या वकिलाच्या कानाशी काही बोलले. वकील हसला. ते हसू मला आवडले नाही. दार लागले.

मला त्या दिवशी बोलावलेच नाही. ती बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. "सारं वाचलं," एवढेच ती म्हणाली. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मला तिच्या वकिलांनी सांगितले की न्यायाधीशांनी पूर्ण ऐकून घेतले, मग समोरच्या वकिलाने विहीर हा शब्द पुनःपुन्हा उच्चारला, आणि टंकलेखकाने दोन्ही गोष्टी सारख्याच निर्विकारपणे उतरवल्या. कागदावर कुठल्या गोष्टीचे वजन जास्त पडेल हे त्यांनाही सांगता येईना.

हे लिहीत आहे तेव्हा निकाल लागायचा आहे. मुलगी तोपर्यंत आईकडे आहे. शाळा सुटण्याच्या वेळी एक पांढरी गाडी वळणावर उभी असते. तीत कोण असते ते काच काळी असल्यामुळे दिसत नाही. म्हणून त्या वेळी मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. निवृत्त शिक्षिका शाळेच्या फाटकाशी उभी आहे, याचे कुणाला काही वाटत नाही.

पुतण्याला मी कळवले आहे की वह्या, पत्रे, चाचण्या आणि शाईचे डाग विद्यापीठाला मिळतील. पाकिटे मिळणार नाहीत. तो नाराज झाला. पाकिटे अजून माझ्याकडे आहेत. त्यांतली काही अक्षरे मी ओळखते. त्यांतल्या काहींच्या अंत्ययात्रेला मी गेले आहे. उरलेल्यांना शोधून ज्याचे त्याला द्यायचे काम सुरू केले आहे. रोज संध्याकाळी पेटीला सुतळी बांधते आणि टोके आत दुमडते. सकाळी उठल्यावर आधी ती गाठ पाहते, मग चहा ठेवते.